मुद्देमालावरची वसंतपूजा

घराखाली पोलीस चौकी असली की घर सुरक्षित राहतं, असा एक समज आहे. ज्यांच्या घराखाली चौकी नाही अशा लोकांनी तो पसरवलेला आहे. काशीत रामघाटावरच्या गल्लीतल्या आमच्या अरुंद, उंच घराचा तळमजला वडिलांनी स्वराज्य आल्याच्या उत्साहात पोलीस खात्याला भाड्याने देऊन टाकला. तेव्हापासून आमच्याकडे चोर येत नाहीत हे खरं, पण पाहुणेही येण्याआधी दोनदा विचार करतात. माझे सासरे लेकीला भेटायला पहिल्यांदा आले, तेव्हा दारातल्या शिपायाने त्यांना नाव, गाव आणि तक्रार विचारली. तक्रार काही नाही म्हटल्यावर तो म्हणाला, मग झाली की या. त्यानंतर सासरे पत्रंच पाठवत राहिले.

मी रत्नाकर धोपेश्वरकर. विद्यापीठाच्या परीक्षा विभागात नोकरीला आहे. घरात मी आणि शरदिनी, दोघंच. मुलगी सुरेखा लग्न होऊन लखनौला गेली, आणि ही गोष्ट घडली त्या वर्षी तिला दिवस गेले होते. प्रकृती जरा नाजूक होती, म्हणून शरदिनी बोलून बसली की पोरीची नीट सुटका झाली तर वैशाखात घरी वसंतपूजा करीन. सुटका नीट झाली. बाळ-बाळंतीण खुशाल असल्याची तार आली आणि माझ्या संकटांना तिथून सुरुवात झाली.

वसंतपूजा म्हणजे वैदिकांना घरी बोलवायचं, समोरासमोर दोन ओळींत बसवायचं, त्यांनी चारी वेदांचे मंत्र म्हणायचे आणि यजमानाने त्यांना चंदन लावायचं, गुलाबपाणी शिंपडायचं, पन्हं, आंब्याची डाळ आणि भिजवलेले हरभरे द्यायचे. काशीतल्या मराठी माणसाचं लग्न एखाद वेळ कचेरीत उरकलं तर चालून जातं, वसंतपूजा मात्र घरीच व्हावी लागते. शेजारच्या वेदपाठशाळेतले ढुंढिराजशास्त्री आनंदाने म्हणाले की वीस-पंचवीस वैदिक सहज आणतो. वैदिक हा काही वाऱ्याने उडणारा माणूस नव्हे. पहाटेपासून पोट भरून श्वास घ्यायची सवय असते, आणि नंतर पोट भरून जेवायचीही असते. मी मनातल्या मनात वजनाचा अंदाज केला आणि माझी नजर मधल्या खोलीच्या जमिनीकडे गेली.

गेले काही महिने शरदिनी त्या खोलीत मधोमध वाटाणे सोलायला बसली की इकडेतिकडे उडालेले वाटाणे आपोआप तिच्याकडे घरंगळत परत यायचे. तिला ती सोय वाटत होती. मलाही तोवर तसंच वाटत होतं.

समोरच्या घरातल्या बिंदुमाधवरावांना बोलावलं. ते बांधकाम खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झाले, आणि आपण बांधलेला एक पूल अजून उभा असल्याचं ते ओळख झाल्या झाल्या सांगतात. त्यांनी खोलीच्या मधोमध जाऊन एक उडी मारली. दुसरी मारली नाही. चहा त्यांनी जिन्यात उभ्यानेच घेतला आणि खालची तुळई गेली असावी, असं दबल्या आवाजात सांगितलं. दुसऱ्या खोलीत पूजा करायची तर तिथे वैदिकांना एकमेकांच्या मांडीवर बसवावं लागलं असतं. गच्चीवर करायची तर वैशाखाचं ऊन आणि माकडं. तेव्हा तुळई खालून पाहणं भाग होतं, आणि खाली होता चौकीचा मालखाना.

मालखाना म्हणजे पोलिसांनी जप्त केलेल्या वस्तू खटला संपेपर्यंत ठेवायची खोली. तिथे बाहेरच्या माणसाला जाता येत नाही. मी घरमालक आहे, असं सांगितल्यावर चौकीचे दिवाणजी, म्हणजे दप्तर सांभाळणारे हवालदार, विश्वेश्वर तिवारी यांनी मला उंबरठ्यापर्यंत जाऊ दिलं. दिवाणजी मोठे सज्जन. त्यांनी कंदील वर धरला. सायकली, हंडे, एक भोंगा, नावेची वल्ही आणि मधोमध आमची तुळई. ती मध्ये चांगलीच वाकली होती आणि नेमक्या वाकलेल्या जागी तिच्याखाली जाडजूड ओंडक्यांचा जुडगा उभा करून ठोकून बसवलेला होता. माझा जीव भांड्यात पडला. मी दिवाणजींना म्हटलं, खांब लावून फार उपकार केलेत.

"पंडीजी, ई खंभा नहीं है," दिवाणजी म्हणाले. "ई केस प्रॉपर्टी है."

हकिकत अशी होती. मणिकर्णिकेवर काशीनाथ साव यांचं चितेच्या लाकडांचं दुकान आहे. तिथून गंगा नावाच्या एका मल्लाहाने काही ओंडके नावेत घालून नेले. लाकूड जप्त झालं, खटला उभा राहिला, आणि तो उभा होता तोवर लाकूडही उभं राहणार होतं. आधी ते आडवं पडलेलं होतं. तुळई वाकायला लागली तेव्हा आधीच्या कुणा दिवाणजींनी डोकं लढवून ते उभं केलं. म्हणजे माझं घर, संसार, देव आणि होऊ घातलेली वसंतपूजा हे सगळं एका चोरीच्या पुराव्यावर उभं होतं. गंगा सुटला किंवा अडकला, काहीही झालं तरी लाकूड जाणार होतं.

मी ताबडतोब दोन लोखंडी टेकू आणवले. दिवाणजींनी हात जोडले. मालखान्यात बाहेरची वस्तू आत न्यायला वरून हुकूम लागतो. आतली बाहेर काढायला कोर्टाचा हुकूम लागतो. टेकू आमच्या जिन्यात पडून राहिले आणि त्यांना अडखळून बिंदुमाधवरावांचा अंगठा दुखावला. त्यावर त्यांनी सल्ला दिला की अर्ज करा, सरकारी काम अर्जाशिवाय होत नाही. अर्ज करूनही होत नाही, हे मला त्यांनी सांगितलं नाही, कारण ते स्वतः सरकारी नोकर होते.

आणीबाणी उठून वर्ष होऊन गेलं होतं, आणि कचेऱ्यांतली माणसं पुन्हा सावकाश येऊ लागली होती. पोलिसांच्या मोठ्या कचेरीत इमारतींचं टेबल सांभाळणाऱ्या बाबूंनी माझा अर्ज ठेवून घेतला, बोलणं शांतपणे ऐकलं आणि मला एक गोष्ट समजावून दिली. खात्याच्या स्वतःच्या इमारतींच्या दुरुस्तीला वेगळा निधी असतो. ही इमारत भाड्याची. भाड्याच्या इमारतीची दुरुस्ती मालकाने करायची. मी म्हटलं, मालक करायला तयार आहे, त्याला आत जाऊ द्या. ते म्हणाले, आत मुद्देमाल आहे, कोर्टाला विचारा. कोर्टातले पेशकार म्हणाले की प्रश्न इमारतीचा आहे, खात्याला विचारा. मी परत बाबूंकडे गेलो. तोवर त्यांनी आणखी एक बातमी काढून ठेवली होती. आमच्या चौकीसाठी नवी सरकारी इमारत बांधायचा प्रस्ताव राजधानीत पडून होता, आणि नवी इमारत होणार म्हणून जुनीवर खर्च करू नये असा शेरा होता. प्रस्ताव कधीचा आहे, असं मी विचारलं. ते म्हणाले, आमच्या आधीचा.

माझा चेहरा पाहून त्यांना दया आली असावी. मार्चअखेर होती, आणि एका सदरात थोडी रक्कम न वापरता उरली होती. ती परत गेली असती तर पुढच्या वर्षी मिळाली नसती. ही रक्कम तुमच्या चौकीकडे वळवतो, असं त्यांनी मला वचन दिलं. मी त्यांचे पाय धरायचंच बाकी ठेवलं. घरी येऊन शरदिनीला सांगितलं, माणसाने प्रयत्न सोडू नयेत. तिने देवापुढे साखर ठेवली.

ती रक्कम रंगरंगोटीची होती.

मी नोकरीवर गेलेलो असताना रंगारी येऊन गेले. संध्याकाळी परतलो तर चौकी पिवळीधमक झाली होती, खाली लाल आणि निळा पट्टा, आणि वाकलेली तुळईसुद्धा इतकी तजेलदार दिसत होती की क्षणभर ती सरळ झाल्यासारखी वाटली. रंगारी कंत्राटी होते. जे उभं दिसेल त्याला रंग द्यायचा, एवढंच त्यांना सांगितलेलं होतं. त्यांनी मालखान्यातले ओंडकेही रंगवले. लाल आणि निळे. शिडी कुठे टेकवली होती, हे मी विचारलं नाही.

दिवाणजी डोक्याला हात लावून बाकावर बसले होते. मुद्देमालाला रंग लावणं म्हणजे पुराव्याशी छेडछाड. मोठ्या साहेबांची तपासणी ज्येष्ठात होती. त्यांनी लाल-निळं लाकूड पाहिलं असतं तर दिवाणजींची बदली थेट एखाद्या जंगलातल्या चौकीत झाली असती, जिथे लाकडाला तोटा नाही. मी त्यांना धीर दिला आणि वर निघून आलो. माझ्या अर्जामुळे हे झालं, ही गोष्ट माझ्या लक्षात आली होती. त्याचा परिणाम काय होणार, हे मात्र आलं नव्हतं.

मुद्देमाल दाखवायचा नसेल तर तो तपासणीआधी जायला हवा. तो जायचा तर खटला संपायला हवा. आणि जो खटला कित्येक वर्षं तारखांवर तारखा घेत सुखाने चालला होता, तो संपवण्यासाठी दिवाणजींनी कंबर कसली. काशीनाथ सावांना समजावलं, गंगाला समजावलं. दोघांचेही पाय कचहरीच्या पायऱ्या चढून थकले होते. समेटाची तारीख लागली.

त्या तारखेला मी रजा टाकून कचहरीत गेलो. आयुष्यात प्रथमच मी न्याय होऊ नये म्हणून न्यायालयात उभा होतो. न्यायाधीशांना किरकोळ पडसं असलं तरी चाललं असतं. नुसती शिंक आली तरी माझी आशा पालवायची. आरोपीच्या वकिलाला वाटलं मी गंगाचा कोणी आहे. त्याने पाठ थोपटून सांगितलं की घाबरू नका, आज सुटतील. फिर्यादीच्या माणसांना वाटलं मी सावांचा कोणी आहे. त्यांनी चहा पाजला. परीक्षा विभागातल्या जबाबदार माणसाला दोन्ही पक्षांनी आपला मानावं आणि तो दोघांच्याही विरुद्ध असावा, हे माझ्या प्रतिष्ठेला शोभणारं नव्हतं. मी चहा प्यालो. समेट झाला. साव आणि गंगा एकमेकांच्या गळ्यात पडले, दिवाणजींनी डोळे पुसले, आणि लाकूड फिर्यादीला परत करावं असा हुकूम निघाला.

वसंतपूजेच्या आधी साव येऊ नयेत, म्हणून मी रोज बिंदुमाधवाला हात जोडत होतो. शेजाऱ्यांना नाही, देवळातल्या. शेजाऱ्यांचा सल्ला असा पडला की पाहुण्यांना भिंतीकडेने बसवावं, आणि जाड्या वैदिकांसमोर बारीक वैदिक बसवून तोल राखावा. शरदिनीला यातलं मी अर्धंच सांगितलं होतं. लाकूड मणिकर्णिकेच्या दुकानातलं आहे, हे त्या अर्ध्यात नव्हतं. तिने आंब्याची डाळ वाटली, पन्हं केलं, शास्त्रीबुवांना पुन्हा निरोप धाडला. तिचा उत्साह पाहून मला जास्त भीती वाटायची.

पूजेच्या दिवशी दुपार कलली आणि वैदिक यायला लागले. पागोटी, उपरणी, जिन्यात चपलांचा ढीग. एकेक जण वर चढला की मी मनात त्याला तुळईवर ठेवत होतो. आणि त्याच वेळी गल्लीच्या तोंडाशी काशीनाथ साव दिसले. मागे हमाल होते, आणि घाटाला त्यांची नाव लागली होती. चौकीतले शिपाई बाक उचलून गल्लीत जाऊन बसले. त्यांनाही हिशेब कळला होता.

मी चंदनाची वाटी हातात तशीच घेऊन खाली धावलो. दिवाणजींनी मालखाना उघडला होता. मी सावांना सगळं सांगितलं आणि म्हटलं, हे लाकूड मलाच विका, मागाल ती किंमत देतो, पण इथून हलवू नका. दिवाणजींनी लगेच मान डोलावली. बाहेरची वस्तू आत आणायला हुकूम लागतो, आतली बाहेर न्यायला लागतो, पण जागची न हलणाऱ्या वस्तूला कुठलाच हुकूम लागत नाही. एवढा विचार कचेरीतल्या बाबूंनीही केला नसता.

काशीनाथ सावांनी ओंडक्यांच्या लाल-निळ्या रंगावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "पंडीजी, हमरे दुकान की लकड़ी घर-मकान में नहीं लगती. बाप-दादा के बखत से नहीं लगी. पाप पड़ेगा."

"मग कशात लागते?" मी घाईत मराठीतच विचारून बसलो.

त्यांनी माझ्याकडे मायेने पाहिलं. "नाम पर उठती है. जिसका काम हो, उसका नाम बोल दीजिए. लकड़ी आपकी."

वरून पाट सरकवल्याचा आवाज आला आणि तुळईतून बारीक पिवळी भुकटी माझ्या खांद्यावर पडली. नाव कोणाचं सांगायचं? सगळे नातेवाईक डोळ्यांपुढून गेले. एका चुलतभावापाशी मन जरा रेंगाळलं, खोटं कशाला बोलू. पण तो जिवंत होता, तब्येतीने उत्तम होता, आणि त्याच्या नावाने चितेचं लाकूड घेणं मला जमेना. वर ढुंढिराजशास्त्री यजमानांना हाक मारत होते. 

"मेरा," मी म्हणालो. "रत्नाकर धोपेश्वरकर."

सावांना काहीच नवल वाटलं नाही. काशीत माणसं त्यासाठीच येऊन राहतात. फक्त दिवाणजींनी काळजीने विचारलं की पंडीजी, जल्दी तो नहीं है? मी नाही म्हणालो. हमाल रिकाम्या हाताने नावेकडे गेले, आणि साव नमस्कार करून, दुकान केव्हाही उघडं असतं असं सांगून निघाले.

तेवढ्यात शरदिनी शिपायांसाठी पन्हं घेऊन खाली आली. यजमान कुठे गेले म्हणून वर सगळे खोळंबले होते. तिने उघडा मालखाना पाहिला, ओंडके पाहिले, जाणाऱ्या सावांनाही पाहिलं, आणि काशीत संसार केलेल्या बाईला मणिकर्णिकेचा लाकूडवाला ओळखायला वेळ लागत नाही. मग मला उरलेलं अर्धं सांगावं लागलं.

"कोणाच्या नावावर घेतलंत?"

"माझ्या."

 तिने तांब्या खाली ठेवला आणि मालखान्याच्या उंबरठ्याशी उभी राहिली. मला वाटलं, आता विटाळ, अपशकुन, वैदिकांचा अपमान, सगळं एकदम ऐकावं लागणार.

"मला विचारायचं तरी होतं," ती म्हणाली. "निम्मं माझ्या नावावर घालायला सांगा."

मी म्हटलं, एकाच माणसापुरतं आहे.

"मग अजून मागवा."

"बाहर की लकड़ी अंदर लाने को हुकुम लगेगा, माताजी," दिवाणजी हळूच म्हणाले.

 इतक्या वर्षांच्या संसारात तिने माझ्याकडे हौसेने मागितलेली ही पहिलीच वस्तू होती, आणि ती देणं माझ्या हातात नव्हतं. मी चंदनाची वाटी तिच्या हातात दिली आणि डोळे पुसायला उपरणं शोधू लागलो. ते मी वरच विसरलो होतो.

शास्त्रीबुवांना जिन्यात गाठून शरदिनीने खरं काय ते सांगितलं. घरात वेद म्हटले जायचे आणि खाली चितेचं लाकूड, चालेल का, असं विचारलं. शास्त्रीबुवांनी डोळे मिटून विचार केला. मग म्हणाले, अग्नी लागला नाही तोवर ते नुसतं लाकूडच, आणि ज्याच्या नावाचं आहे तो स्वतः यजमान म्हणून पाटावर बसत असेल तर शास्त्राची हरकत नाही. आज संध्याकाळपर्यंत त्याने जिवंत राहावं म्हणजे झालं.

मी पाटावर बसलो. वेद म्हणायच्या चढत्या अवघड पद्धती एकेक करून आल्या: संहिता झाली, पदं झाली, क्रम झाला. जटेला जमीन थरथरल्यासारखी वाटली. ती जमीन होती की मी, हे सांगता येत नाही. घनपाठ सुरू झाला तेव्हा सगळी खोली आवाजाने भरून गेली. वैदिक मागे-पुढे डुलत होते, आणि मी त्यांच्या डुलण्याबरोबर श्वास घेत आणि सोडत होतो. सुरेखाच्या बाळासाठी आशीर्वाद मागायचा होता, तो मी मागितला, पण खरं सांगायचं तर अर्धा आशीर्वाद मी तुळईसाठी मागितला. बिंदुमाधवराव दारातच उभे होते, एक पाय जिन्यावर. तुळई हलली नाही. एक कण खाली पडला नाही. हरभरे वाटून झाले, पन्हं संपलं, वैदिक तृप्त होऊन उतरून गेले, आणि शरदिनी रिकाम्या खोलीच्या मधोमध जाऊन बसली. मी तिला उठवलं नाही.

पुढे ज्येष्ठात मोठ्या साहेबांची तपासणी झाली आणि दिवाणजींची बदली टळली. रंगवलेलं लाकूड मुद्देमाल नसून घरमालकाचं आहे, हे त्यांनी तोंडी पटवून दिलं. चौकीतली वागणूक मात्र बदलली. सकाळी मी कामाला निघालो की दिवाणजी तब्येत विचारतात आणि उत्तर ऐकेपर्यंत मला पुढे जाऊ देत नाहीत. मला खोकला झाला तर शिपाई काढा घेऊन वर येतो. चौकीचे प्रमुख दरोगासाहेब यांनी पावसाळ्यात मला घाटाच्या शेवाळलेल्या पायऱ्या उतरायला मनाई केली आहे, आणि ती त्यांनी माझ्यामागे एक शिपाई ठेवून अमलात आणली.

माझ्या अर्जाचं उत्तर शेवटी श्रावणात आलं. खात्याचे अभियंते येऊन, दिवाणजींकडून लाकडाची हकिकत ऐकून, पाहून गेले होते, त्यांचा अभिप्राय सोबत होता. इमारतीला आतून पुरेसा आधार आहे, सबब दुरुस्तीसाठी निधी देण्याची आवश्यकता नाही. आधाराची मुदत: घरमालक हयात असेपर्यंत.

शरदिनीने तो कागद दोनदा वाचला. त्या दिवसापासून माझ्या वरणावरचं तूप बंद झालं.